माइनक्राफ्टमध्ये समन कमांडने आणलेला, नाव दिलेला झोंबी लांब गेलं की गायब का होतो?

कमांडमध्ये दिलेलं नाव झोंबीला टिकवून धरत नाही, म्हणून. कमांडच्या महिरपी कंसात 'परसिस्टन्स रिक्वायर्ड' हा टॅग (झोंबीबद्दलची जादा माहिती) १बी असा घाला. 'नेम टॅग' ही खेळातली वस्तू हातात घेऊन नाव दिलं की हा टॅग आपोआप लागतो, कमांडमध्ये 'कस्टम नेम' लिहून लागत नाही. त्यामुळे खेळाडूपासून ३२ ब्लॉकच्या पुढे झोंबी कधीही नाहीसा होऊ शकतो आणि १२८ च्या पुढे तर लगेच. पीसफुल डिफिकल्टीत (झोंबीसारखे शत्रू नसलेल्या पातळीत) मात्र हा टॅगही त्याला वाचवत नाही.

कमांडने झोंबीला हेल्मेट चढत नसेल तर आधी खेळाची आवृत्ती बघा. १.२१.५ पासून 'इक्विपमेंट'च्या आत 'हेड' असं थेट लिहायचं. त्याआधी 'आर्मर आयटम्स'ची चार जागांची यादी होती, आणि तिचा क्रम पायांपासून वर: बूट, पाय, छाती, डोकं. जुनी कमांड नव्या आवृत्तीत टाकली की झोंबी येतो, पण उघड्या डोक्याने, आणि उन्हात जळतो.

आयुष्य २० वरून ४० करायचं असेल तर 'हेल्थ'सोबत 'मॅक्स हेल्थ' हा ॲट्रिब्यूटही (गुणधर्मही) वाढवा, नाहीतर ते २० वरच अडतं. चॅटमध्ये २५६ अक्षरंच मावतात. लांब कमांड 'कमांड ब्लॉक'मध्ये (कमांड चालवणाऱ्या खेळातल्या ठोकळ्यात) टाका. हे सगळं माइनक्राफ्टच्या जावा एडिशनचं आहे, बेडरॉक या दुसऱ्या एडिशनमधली समन कमांड असे टॅग घेत नाही.