घाटात लागतो, गॅरेजमध्ये विझतो

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी आठ वर्षांची आहे. कुंभार्ली घाटात पाऊस असला की कधी एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा), कधी बॅटरीचा दिवा लागतो आणि पाच मिनिटांत विझतो. गॅरेजमध्ये नेली की एकही लागत नाही. सेन्सर बदला म्हणतात. बदलू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : थांबा, इतक्यात नको. दोन वेगळे दिवे असे आलटूनपालटून लागले की मी आधी करंट बघतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मल्टिमीटर लावा, १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४. हेडलाइट, वायपर, एसी लावताच आकडा १३च्या खाली आला, तर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा, नाहीतर त्याच्या बेल्टचा.

आकडे ठीक असतील तर बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते, ते टोक उघडा. गेल्या पावसाळ्यात एका गाडीचा तो बोल्ट मी बोटांनी फिरवला. खाली हिरवट बुरा! पॉलिश पेपरने घासलं, आवळलं, दिवे गेले. (शंभर रुपये घेतले, फुकट नाही केलं.)

तरीही एबीएसचा दिवा लागलाच तर गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. दिवा विझला तरी कोड बहुधा मेमरीत राहतो. पुसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. कोड एकाच चाकाचा असेल तर आधी त्या चाकाच्या सेन्सरची वायर आणि कनेक्टर बघा, सेन्सर नंतर.

ऑइलचा लाल दिवा मात्र क्षणभर जरी लागला, तरी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा.