पानशेतला बोट पळत नाही: इंजिन वर घ्यावं की पंखा बदलावा?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: १६ फुटी फायबर बोट, ४० एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (मागच्या फळीवर बाहेरून टांगलेलं इंजिन), अलिबागहून पानशेतला आणलेली. पंखा, म्हणजे प्रोपेलर, १३ पिचचा (न घसरता एका फेऱ्यात १३ इंच पुढे नेणारा), गिअर रेशो २ (इंजिनच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक). चार माणसं बसवून पूर्ण थ्रॉटल दिला की इंजिन ४८०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) अडकतं, जीपीएसवर ताशी ३८ किमी दिसतात, मागे पाण्याचा फवारा उसळतो. आणि विचारलंय की इंजिनची उंची बदलायची की प्रोपेलर.

दोन्ही बदला, पण आधी उंची आणि मग पंखा. उलट क्रमाने केलंत तर पंख्याचे पैसे दोनदा जातात, कारण इंजिन वर घेतलं की आरपीएम आपोआप थोडे वाढतात आणि पिचचं गणित बदलतं. मी पुण्यात आउटबोर्ड बसवण्याची कामं करतो. कोकणातून घाट चढून आलेल्या बहुतेक बोटींचं दुखणं तुमच्यासारखंच असतं.

एक गोष्ट आधी बघून घ्या. थ्रॉटलची केबल शेवटपर्यंत ओढली जाते का आणि प्लग धड आहेत का. दहा मिनिटांचं काम आहे, पण हे न बघता पंखे विकत घेणारे लोक भेटतात. पंख्याच्या आतलं रबरी बुश मात्र तुमच्या बाबतीत ठीक असावं. ते घसरत असतं तर आरपीएम उलट चढले असते आणि बोट जागीच राहिली असती.

आता उंची. बोट ट्रेलरवर असताना इंजिन पुढे-मागे असं कलवा (ट्रिम करा) की पंख्याच्या वरची आडवी कॅव्हिटेशन प्लेट बोटीच्या तळाला समांतर येईल. मग तळाच्या मधल्या कण्याला एक लांब, सरळ पट्टी लावून ती मागे इंजिनापर्यंत न्या. प्लेट त्या पट्टीच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर असावी. मागे उसळणारा फवारा ऐकून मला वाटतं की तुमची प्लेट रेषेच्या बरीच खाली आहे. म्हणजे गिअरकेसचा (इंजिनच्या पाण्यातल्या खालच्या खोक्याचा) जास्तीचा भाग पाण्यातून ओढत नेला जातोय आणि ताकद तिथेच खर्ची पडतेय. मागची फळी कमी उंचीची आणि इंजिन लांब शाफ्टचं असलं की असं होतं. म्हणून फळीची उंचीही मोजा, साधारण १५, २० आणि २५ इंच ही मापं चालतात.

ब्रॅकेटला वरखाली भोकं असतात, बहुतेक इंजिनांत पाऊण इंचाच्या अंतराने. एका वेळी एकच भोक वर घ्या, बोट पाण्यात घाला, चालवून बघा. बोट पाण्यावर उचलली गेली की मागच्या माणसाला वाकून बघायला सांगा. प्लेट पाण्याच्या पृष्ठभागाला जेमतेम लागलेली दिसली पाहिजे. वळताना पंख्याने हवा खेचली आणि इंजिन एकदम ओरडलं, की समजा एक भोक जास्त झालं, परत खाली या. वर घेताना इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार सतत बघत राहा. पाणी खेचायच्या जाळ्या गिअरकेसवर असतात. त्या उघड्या पडल्या तर दोन किलोमीटरच्या वेगासाठी इंजिन भाजून निघेल. आणि फळीत नवी भोकं पाडावी लागली, तर रिकाम्या राहिलेल्या जुन्या भोकांत मरीन सीलंट भरा. फळीच्या आत प्लायवूड असेल तर ते त्याच भोकांतून कुजायला लागतं.

आता पंख्याकडे येऊ. पानशेत समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. दर तीनशे मीटरला इंजिनची ताकद साधारण ३ टक्के घटते, कारण हवा विरळ होते. फ्युएल इंजेक्शन असलं तरी त्यातून हवा वाढत नाही, फक्त पेट्रोलचं प्रमाण जुळतं. म्हणजे तुमचे ४० एचपी इथे साडेसदतीसच्या जवळ येतात, एप्रिल-मेच्या उन्हात आणखी कमी. अलिबागला बरोबर असलेला १३ पिच इथे जड पडतो. चौथ्या गिअरमध्ये कात्रजचा घाट चढवायला लावल्यासारखं इंजिन दबून चालतं, आणि रोज असं चालवलं तर आतून झिजतं.

थोडं गणित करून बघा. आरपीएमला पिचने गुणा, गिअर रेशोने भागा, आलेल्या आकड्याला ०.००१५२४ ने गुणा. हा पंखा पाण्यात न घसरता मिळणारा वेग, ताशी किलोमीटरमध्ये. तुमचा आकडा येतो साडेसत्तेचाळीस, प्रत्यक्षात मिळतात ३८. म्हणजे २० टक्के घसरण. अशा बोटीला १० ते १५ चांगली, भरलेली असेल तर थोडी जास्त चालते. उंची नीट केल्यावर यातला बराचसा भाग कमी होईल.

पिच एक इंचाने कमी केला की दीडशे ते दोनशे आरपीएम वाढतात. तुमच्या इंजिनच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलची मर्यादा दिलेली असेल, अशा फोर-स्ट्रोकना बहुधा ५००० ते ६०००. नेहमीच्या वजनासह वरच्या अर्ध्यात पोचायचं. उंची बदलून शे-दीडशे मिळाले असं धरलं तर ११ पिच तुम्हाला ५३००च्या आसपास नेईल, म्हणजे वरच्या अर्ध्याच्या थोडं खालीच. म्हणून चार माणसं कायमचीच असतील तर १० चाही विचार करा. सर्वोच्च वेगात मोठी उडी दिसणार नाही हे आत्ताच सांगतो, तीन-चार किलोमीटर मिळाले तरी खूप. खरा फरक बोट उचलण्यात आहे. भरलेली बोट नाक वर करून रेंगाळत राहते, ते बंद होईल.

स्टेनलेस स्टीलचा पंखा घ्या असं कोणीतरी सांगेलच. पातळ, ताठ पाती, पकड चांगली, हे सगळं खरं. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की पानशेत-वरसगावच्या काठांना खडक आणि जुने बुंधे वर येतात. ॲल्युमिनियमचा पंखा आपटला की पात वाकतं. स्टीलचं पात टिकतं आणि दणका शाफ्टला जातो. मी इथे ॲल्युमिनियमच लावतो. चार पात्यांचा पंखा वळणावर चांगला धरतो, पण त्याच पिचला आरपीएम थोडे खातो, तो नंतरचा प्रयोग.

चाचणी घेताना माणसं आणि पेट्रोल तेवढंच ठेवा, एकदा वाऱ्याच्या दिशेने आणि एकदा विरुद्ध पळवा, सरासरी धरा. किल-स्विचची दोरी (चालक पडला तर इंजिन बंद करणारी) मनगटाला हवीच. आणि जलाशय पाटबंधाऱ्यांचा आहे, परवानगी घेतली असेल असं धरून चालतो.

नवा पंखा मागवण्याआधी शाफ्टवरचे दाते मोजून सांगा, कंपनीगणिक वेगळे असतात. जुना १३ चा विकू नका. बोट परत समुद्रावर नेलीत तर तोच लागेल, आणि इथे खडकाने नवा वाकवला तर त्याच्यावर हळूहळू का होईना, काठापर्यंत येता येईल.