वाचकांचे प्रश्न : ठेका बरोबर, तरी खेळात चूक का?

प्रश्न : गणपतीत मुंबईहून आलेला भाचा आपला जुना प्लेस्टेशन 2 (टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेमचे यंत्र), ‘गिटार हिरो 2’ हा पडद्यावर सरकत येणाऱ्या ठिपक्यांनुसार गाणे वाजवण्याचा खेळ आणि त्याची प्लास्टिकची गिटार आमच्याकडे ठेवून गेला. मी वाडीतल्या भजनी मंडळात वीस वर्षे पखवाज वाजवतो. तरीही आमच्या नव्या टीव्हीवर अगदी सोपे गाणे घेतले, तरी निम्म्याहून अधिक वेळा चूक दाखवली जाते. माझा कान चुकतो की यंत्र?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : आपल्या कानावर शंका घेण्याआधी टीव्हीवर घ्यावी. प्लेस्टेशन 2 च्या काळातल्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर चित्र जवळजवळ तत्क्षणी उमटत असे; आजचा सपाट टीव्ही मात्र आलेले चित्र मोठे आणि स्वच्छ करून मगच दाखवतो, आणि त्यात सेकंदाचा लहानसा अंश निघून जातो. तेवढ्यात पडद्यावरून खाली सरकणारा रंगीत ठिपका रेषेवर पोचलेला दिसतो तेव्हा यंत्राच्या हिशेबी तो केव्हाच ओलांडून गेलेला असतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असल्यास तो सुरू करावा, आणि खेळातल्या पर्यायांत हा विलंब मोजून भरून काढण्याची सोय आहे, तीही वापरावी.

दुसरी अडचण मात्र पखवाजवाल्याचीच आहे. पखवाजावर थाप पडली की नाद तिथेच निघतो. इथे नाद आपण काढत नाही, कारण गिटारीचा भाग आधीच ध्वनिमुद्रित असतो, आणि आपला आघात वेळेवर पडला तरच तो ऐकू येत राहतो, नाहीतर तेवढ्यापुरता गप्प होतो. डाव्या हाताने गिटारीच्या मानेवरचे त्या रंगाचे बटण आधी दाबून ठेवायचे आणि ठिपका रेषेवर येताच उजव्या हाताने तारांच्या जागी असलेली पट्टी वर किंवा खाली हलवायची, असे दोन हातांचे काम असते. हिरवा, लाल, पिवळा, निळा आणि नारिंगी अशी पाच बटणे असली, तरी सोप्या पातळीवर पहिली तीनच लागतात. ठिपक्यामागे शेपूट असेल तर ती संपेपर्यंत बटण सोडू नये. भजनात रंग भरला की हात आपसूक जास्तीचे बोल टाकतो. या खेळात ठिपका नसताना हललेली पट्टी हीसुद्धा चूकच धरली जाते, आणि आपल्या निम्म्या चुका इथल्याच असाव्यात, असा आमचा कयास आहे.

सलग दहा ठिपके साधले की गुण दुप्पट, वीसनंतर तिप्पट आणि तीसनंतर चौपट मिळू लागतात. एक चूक झाली की ही मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून अवघड गाणे थेट न घेता सराव विभागात तेच गाणे संथ लयीत घ्यावे, जसे आपण नव्या मुलाला बोल ठाय लयीत देता. (मन थापेकडेच ओढ घेत असेल, तर जपानच्या नाम्को कंपनीचा 2001 साली आलेला ‘तायको नो तात्सुजिन’ जवळचा वाटेल : त्यात लाल खुणेला ढोलाच्या मध्यावर आणि निळ्या खुणेला कडेवर काठी मारायची असते.)

आणि माळ्यावर जुना पेटीसारखा टीव्ही अजून चालत असेल, तर तो खाली उतरवून त्यालाच यंत्र जोडून पाहावे. चित्र थोडे धूसर दिसेल, पण ठिपका आणि ठेका बहुधा एकाच वेळी समेवर येतील.