नवजात बाळाची कावीळ: कोड लावण्याआधी
अमेरिकी रुग्णाच्या चार्टला आयसीडी-१०-सीएम या यादीतले निदानाचे कोड लावताना ‘जॉन्डिस’ (कावीळ) दिसलं की हात आर१७ कडे, म्हणजे कारण न सांगितलेल्या काविळीच्या कोडकडे जातो. तो नवजातासाठी नाहीच. कारण लिहिलेलं नसेल तर पी५९.९. डॉक्टरांनी कावीळ अकाली जन्मामुळे असल्याचं लिहिलं असेल तर पी५९.०, सोबत गर्भाच्या आठवड्यांसाठी पी०७.३ गटातला कोड. एबीओ आयसोइम्युनायझेशनचं (रक्तगट न जुळल्याने आईच्या प्रतिपिंडांचा बाळाच्या रक्तपेशींवर हल्ला) निदान असेल तर पी५५.१; आई ‘ओ’ आणि बाळ ‘ए’ एवढ्यावरून तो स्वतः ठरवू नका. बिलिरुबिनच्या (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) आकड्यावरूनही निदान लावायचं नाही, डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवा. जन्माच्याच ॲडमिशनमध्ये झेड३८ (जिवंत जन्मलेल्या बाळाचा कोड) पहिला, कावीळ त्यानंतर. बाळ घरी जाऊन फोटोथेरपीसाठी (काविळीवरचे प्रकाशोपचार) परत आलं, तर झेड३८ अजिबात नको. तिथे कावीळच मुख्य निदान. नवे लोक हमखास चुकतात ते इथेच.