सोया मेणाच्या मेणबत्त्यांवर आठ दिवसांत पांढरे डाग का पडतात?

ताई, तुमच्या मेणबत्त्यांना बुरशी लागलेली नाही, आणि त्या डागांवरून मेणात भेसळ आहे असंही म्हणता येत नाही. तुम्ही लिहिलंय की दिवाळीसाठी काचेच्या ग्लासात ओतलेल्या मरून मेणबत्त्यांवर आठ दिवसांत पांढरं फुलून आलं, काहींच्या मधोमध खड्डा पडला आणि दुकानदारानं ‘जुना माल’ म्हणून त्या परत पाठवल्या. वाचताना पोटात कालवलं. तीन वर्षांपूर्वी माझे चाळीस ग्लास असेच परत आले होते.

आमचं गाव वाशीम जिल्ह्यात, घरावर टिनं. मी ते ग्लास खोक्यातून काढून ओट्यावर मांडले आणि एक उन्हात धरून पाहिला. काचेला आतून लागून पांढऱ्या बारीक फांद्या पसरलेल्या, थंडीत खिडकीवर दव धरावं तशा. अंगठ्यानं वरचा भाग जरा घासला तर ऊब लागून पांढरेपणा गेला आणि खालचा जांभळा रंग वर आला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. सासूबाई शेजारी बसून पाहत होत्या. म्हणाल्या, “अवं, तूप रवाय होते का नाई? तसंच दिसून रायलं हे.”

त्यांचं बरोबर होतं. सोयाबीनच्या दाण्यात साधारण 18 ते 20 टक्के तेल असतं. त्या तेलाला हायड्रोजन जोडला की ते घट्ट होतं. वनस्पती तूप याच रीतीनं करतात, मेणासाठी ती रीत आणखी पुढे नेलेली असते. म्हणून सोया मेण हे पॅराफिनपेक्षा, म्हणजे नेहमीच्या मेणबत्तीतल्या खनिज तेलाच्या मेणापेक्षा, तुपाच्या नात्यातलं. ते गोठतं तेव्हा आतले कण घाईघाईत कसेतरी बसतात आणि मग पुढचे कित्येक दिवस सरकत सरकत आपली पक्की जागा धरतात. या पक्क्या रचनेचे रवे मोठे असतात, त्यांच्यावर उजेड विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. फ्रिजमधून आतबाहेर केलेलं चॉकलेट पांढुरकं होतं, तोही याच जातीचा प्रकार. मेणबत्तीवाले त्याला फ्रॉस्टिंग म्हणतात. पॅराफिनला हे होत नाही, म्हणून दुकानदाराच्या डोळ्यांना त्याची सवय नाही. जळण्यात किंवा वासात त्यानं काही फरक पडत नाही. बुरशीला ओल लागते आणि निव्वळ मेणात पाणी नसतं. हां, वर सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या लावत असाल तर त्यांना ओलीनं बुरशी येऊ शकते, शिवाय त्या पेट घेतात. त्या लावूच नका.

आपल्याकडे हे जास्त का होतं, तर दिवस आणि रात्र यांतला फरक. दिवाळीच्या सुमारास दुपारी तिशीच्या वर, पहाटे अंगावर गोधडी लागते, आणि टिनाखाली तर हा फरक आणखी वाढतो. मेण रोज थोडं सैल होतं, रोज आवळतं, आणि प्रत्येक वेळी रव्यांना वाढायला संधी मिळते. माझे चाळीस ग्लास टिनाच्या खोलीत फळीवर उघडे होते. आता मी तयार माल पुठ्ठ्याच्या खोक्यात, कागद भरून, मधल्या मातीच्या भिंतींच्या खोलीत जमिनीलगत ठेवते. एवढ्या एकाच बदलानं निम्मं दुखणं कमी झालं.

ओतण्याचं म्हणाल तर थर्मामीटर घ्याच. अंदाजावर सोया मेण चालत नाही. मी गंजात पाणी ठेवून त्यात मेणाचं भांडं ठेवते, 80 ते 85 अंशांवर मेण पूर्ण वितळलं की सुगंधी तेल घालून दोन मिनिटं सावकाश ढवळते. पाण्याचा एक थेंबही मेणात जाऊ देऊ नका, त्यानं पृष्ठभागावर खळगे पडतात. मग थांबायचं. एकाच मेणाचे तीन ग्लास 65 ला, तीन 55 ला आणि तीन दुधाळ दिसायला लागल्यावर, म्हणजे पन्नाशीच्या खाली, असे ओतून मी महिनाभर ठेवले होते. गरम ओतलेल्यांवर सगळ्यात जास्त फुलं आली. दुधाळ ओतलेल्यांच्या काचेला जवळपास काहीच नव्हतं, पण वरचा भाग खडबडीत झाला. मी 55 च्या आसपास स्थिरावले. तुमचं मेण वेगळं असेल, तर मेणासोबत आलेल्या कागदावरचे आकडे धरून असेच तीन-तीन ग्लास करून पाहा आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावा.

ग्लास थंडगार नकोत. हिवाळ्यात मी ते थोडा वेळ उन्हात ठेवून कोमट करते. दोन ग्लासांत चार बोटांचं अंतर सोडते, वरून खोकं उपडं झाकते आणि कूलर-पंखा बंद. वारा एका बाजूनं लागला की त्या बाजूचं मेण आधी आवळून काचेपासून सुटतं आणि तिथे ओला डाग पडल्यासारखं दिसतं. तिथे ओल नसते, मेण आणि काच यांच्यामध्ये हवा शिरलेली असते.

मधला खड्डा तसाच. कडा आधी गोठतात, मधलं मेण शेवटी आवळतं आणि आत पोकळी राहते. वातीजवळ टूथपिकनं टोचून पाहा, पोकळी लागली तर छिद्र मोकळं करून थोडं मेण पुन्हा ओता. वरवरचा खडबडीतपणा असेल तर केस वाळवायच्या ड्रायरनं वरचा पातळ थर वितळवला की पुरे.

आता रंगाबद्दल माझं स्पष्ट मत. विकायच्या सोया मेणबत्तीत गडद रंग घालू नका. मरून, जांभळा, हिरवा यांवर प्रत्येक रवा उठून दिसतो. पांढऱ्या मेणावर तेच रवे असतात, पण दिसत नाहीत. मी दोन वर्षं एकही रंगीत ग्लास केलेला नाही. गिऱ्हाइकाला रंग हवाच असेल तर ग्लास रंगीत घ्या. व्हॅनिलाचा सुगंध घातलेलं मेण काही आठवड्यांत तपकिरी होतं, ते त्यातल्या व्हॅनिलिनमुळे. तेही आधी सांगून विका.

परत आलेले ग्लास फेकू नका. मेण काढून, वितळवून, जुन्या वाती काढून टाकून पुन्हा ओता, रंग तसाच राहील, पण घरी जाळायला उत्तम. आणि दुकानदाराकडे एक ग्लास घेऊन जा, त्याच्यासमोर अंगठ्यानं घासून दाखवा, मग तिथेच पेटवा. माझ्या दुकानदारानं एवढं पाहून पुढच्या वर्षी पंचवीस पांढरे ग्लास ठेवून घेतले.

फक्त मे महिन्यात माल पाठवू नका. ग्लासात ओतायची बरीच सोया मेणं पन्नाशीच्या आसपास वितळतात, आणि आपल्याकडे सावलीतच पारा 45 च्या पुढे जातो. एसटीच्या टपावर ठेवलेल्या खोक्यात तर मेण पातळ होऊन वाती आडव्या पडतात.