सोलर बसवा, पण आधी पतसंस्थेतले ४२ लाख बाहेर काढा

पत्र डोंबिवलीतल्या ४८ सदनिकांच्या एका सोसायटीच्या खजिनदारांचे आहे. इमारत २२ वर्षांची. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे मिळून विजेचे बिल महिन्याला सरासरी २८ हजार. एक विक्रेता ३० किलोवॉटचे सोलर १९ लाखांत बसवून बिल शून्य करतो म्हणतो. सोसायटीचे ४२ लाख एका पतसंस्थेत साडेदहा टक्क्यांनी ठेवलेले आहेत. ही ठेव मोडावी, की पतसंस्था म्हणते तसे ठेवीवर साडेबारा टक्क्यांनी कर्ज घ्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ठेव मोडा. सोलर बसवणार नसाल तरीही मोडा.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी तीनदा वाचले. गेल्या वर्षी रंगकामासाठी सहा लाख मागितले, तेव्हा पतसंस्थेचे मॅनेजर म्हणाले, "मार्चअखेर होऊन जाऊ द्या," आणि मग दोन-दोन लाखांचे तीन चेक महिन्या-महिन्याने दिले. तुम्ही हे त्यांच्या सौजन्याचे उदाहरण म्हणून लिहिले आहे. मुदत संपलेल्या ठेवीतले सहा लाख ज्या संस्थेला एकरकमी देता येत नाहीत, तिच्याकडे तुमचे ४२ लाख आहेत. पावतीचा फोटोही पाहिला. मागे नूतनीकरणाचे तीन शिक्के आहेत. म्हणजे व्याज तीनही वेळा मुद्दलात जमा झाले, सोसायटीच्या हातात काहीच आले नाही.

बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही, एक रुपयाचाही नाही. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची देखरेखही नसते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांचे पैसे अडकले. ती तर रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालची बँक होती.

आणि हा धोका कशासाठी? चांगल्या बँकेत सात टक्के मिळतात असे धरा. फरक साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला दीड लाखाच्या आत, घरटी महिन्याला अडीचशे रुपये. त्यासाठी प्रत्येक घराचे ८७ हजार टांगणीला लागले आहेत. पतसंस्थेचे अध्यक्ष तुमच्याच बी विंगमध्ये राहतात, म्हणून काळजी नाही, असे तुम्ही लिहिता. मला तर त्यामुळेच जास्त काळजी वाटते, कारण शेजाऱ्याकडे पैसे मागायला कमिटी कचरते. सोसायटीचे पैसे कुठे ठेवता येतात, ते सहकार कायद्याच्या कलम ७० मध्ये दिले आहे. ते कलम आणि ही पावती लेखापरीक्षकांसमोर ठेवा आणि त्यांचे मत लेखी घ्या.

कर्जाचे तर नावच नको. स्वतःचेच पैसे दोन टक्के जास्त देऊन उसने घ्यायचे, आणि मूळ ठेव तिथेच अडकवून ठेवायची! यात सोय पतसंस्थेची आहे, तुमची नाही.

आता सोलर. कल्पना चांगली आहे, विक्रेत्याचा आकडा चुकीचा आहे. तुमचा वापर महिन्याला २,२०० युनिटच्या आसपास दिसतो. एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो, पावसाळ्यात कमी. म्हणजे २० किलोवॉट पुरे. त्याहून जास्त बसवले तर वर्षअखेर उरलेल्या युनिटांना महावितरण अगदी किरकोळ दर देते. २० किलोवॉटला ११-१२ लाख लागतील. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार अनुदान आहे, म्हणजे ३ लाख ६० हजार. पण ते संच सुरू झाल्यावर येते, आणि पॅनेल देशी बनावटीचेच लागतात. आधी पूर्ण रक्कम हातात हवी. बिल शून्य होत नाही, स्थिर आकार राहतोच. वर्षाला पावणेतीन लाख वाचले, तरी तीन वर्षांत पैसे सुटतात. आणखी काय हवे?

गच्चीचे वॉटरप्रूफिंग मात्र पॅनेलच्या आधी करा. नंतर गळती निघाली तर सगळा सांगाडा उतरवावा लागेल. पतसंस्थेतून सुटलेल्या पैशांत सिंकिंग फंड असेल, तर त्याला सोलरसाठी हात लावू नका, तो इमारतीच्या मोठ्या कामांसाठी आहे. सर्वसाधारण सभेत ठराव करून घरटी २५ हजार गोळा करा, आणि अनुदान आले की तेवढे परत करा.

पण हे सगळे नंतर. या आठवड्यात कमिटीचा ठराव करा आणि ४२ लाखांच्या मागणीचे पत्र पतसंस्थेत नेऊन द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसह. मुदतीआधी मोडल्याचे व्याज कापले तर कापू द्या. पुन्हा "मार्चअखेर" ऐकू आले, तर त्याच पत्राची प्रत घेऊन थेट सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जा.