अडीच तास

प्रश्न : माझी मुलगी कराडला भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे ज्वालामुखींवर पीएच.डी. करायची आणि लोकांना त्यांचा धोका समजावून सांगायचा, असं तिचं चाललंय. आपल्याकडे ज्वालामुखी आहेत कुठे? यात पोट भरेल का? जिवाचं काय? आणि समजावून सांगणं हे शास्त्रज्ञाचं काम आहे का? ते सरकारने बघावं ना? – एक पालक, कराड

उत्तर : नमस्कार. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. माझी नोकरीची सगळी वर्षं त्यातच गेली आहेत.

कोलंबियात नेवादो देल रुईस नावाचा बर्फाची टोपी घातलेला ज्वालामुखी आहे. 13 नोव्हेंबर 1985 च्या रात्री नऊच्या सुमाराला त्याचा उद्रेक झाला. फार मोठा नव्हता. पण तापलेल्या राखेने शिखरावरचा थोडा बर्फ वितळवला आणि ते पाणी दगडमाती घेऊन नदीच्या पात्रातून खाली सुटलं. साधारण अडीच तासांनी तो चिखलाचा लोंढा आर्मेरो गावावर आला. एकट्या त्या गावातली वीस हजारांवर माणसं गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता आणि आर्मेरो त्यात धोक्याच्या पट्ट्यातच होतं. दुपारपासून गावात राख पडत होती, तरी लोकांना शांतपणे घरात थांबायला सांगितलं गेलं. अडीच तासांत म्हातारी माणसंसुद्धा चालत उंचावर गेली असती हो!

अशा लोंढ्याला जगभर ‘लाहार’ म्हणतात. शब्द जावा बेटावरचा. तिथेच, मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याच्या एका वाडीत, मी विद्यार्थिनी असताना धोक्याचा रंगीत नकाशा घेऊन गेले होते. एका आजींनी तो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि विचारलं, “यात माझी विहीर कुठे आहे?” उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा, लाल-पिवळे पट्टे, सगळं बिनचूक होतं, पण आजींना त्यात त्यांची वाडीच दिसत नव्हती. मग मी खाली बसले आणि काडीने मातीत नदी काढली, तिच्यावरचा पूल, मशीद, विहीर. आजींनी माझ्या हातातून काडी घेतली आणि मशिदीमागून वर जाणारी पायवाट स्वतःच काढली. ती वाट माझ्या नकाशात नव्हती.

2010 मध्ये हाच मेरापी मोठ्या जोराने उसळला. तिथल्या ज्वालामुखी विभागाचे प्रमुख होते सुरोनो. लोक त्यांना प्रेमाने ‘म्बाह रोनो’, म्हणजे रोनो आजोबा म्हणत. उद्रेक वाढत गेला तशी धोक्याची हद्द 10 किलोमीटरवरून 15 आणि मग 20 वर नेली गेली. साडेतीनशेवर माणसं गेली, हे दुःख आहेच; पण त्या इशाऱ्यांमुळे किमान दहा हजार जीव वाचले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. माणसं उठवायची ती सरकारनेच, हे खरं. पण कधी उठवायची आणि कुठवर, हे अधिकाऱ्याला कळेल अशा शब्दांत शास्त्रज्ञालाच सांगावं लागतं.

आता जिवाचं. धोका आहे, लपवणार नाही. 1991 मध्ये जपानच्या उन्झेनवर आणि 1993 मध्ये कोलंबियाच्या गालेरासवर आमच्या क्षेत्रातली माणसं गेली. मात्र आज पुष्कळसं काम भूकंपमापक, जीपीएस आणि उपग्रह यांच्या नोंदींवर चालतं. विवराच्या काठावर जायचं की नाही, हे तिला ठरवता येतं. ‘नाही’ म्हणायला लाजू नकोस, एवढं तिला माझ्यातर्फे सांगा.

पोट भरेल, पण उशिरा. पीएच.डी.नंतर सात वर्षं मी तीन देशांत कंत्राटावर काढली. घरी दर दिवाळीला एकच प्रश्न असायचा, “कायम कधी होणार?” तेवढा धीर तुमच्याकडेही हवा. भारतात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आहे, आयआयटी मुंबईत दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडावर, आणि अंदमानातल्या बॅरन बेटावर काम झालंय. बॅरन हा आपला जागता ज्वालामुखी; जानेवारी 2017 मध्ये तो राख फेकताना पाहिला तो गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीच. आणि धोका समजावून सांगायची विद्या ज्वालामुखीपुरती नसते. माळीण, इर्शाळवाडी आठवा. दरडीखाली झोपणाऱ्या आपल्या वाड्यांनाही असं माणूस हवंय.

एक करा. या सुट्टीत दोघं कुंभार्ली घाटात जा. सह्याद्रीचा हा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच. रस्त्याकडेच्या कापलेल्या कड्यात दोन काळ्या थरांमध्ये गेरूसारखा लाल पट्टा दिसला, तर गाडी सुरक्षित जागी लावा आणि तो कसा झाला ते तिला विचारा. इंग्रजी शब्द न वापरता सांग म्हणावं. तुम्हाला किती कळलं, ते मला नक्की कळवा.